पाटीवर खरं लिहा : जुन्या विमानांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पालमच्या हवाई दल संग्रहालयाचा नुसता उल्लेख केला, तर या महिन्याचं टपाल जवळजवळ सगळं जुन्या विमानांवरच आलं. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच. हवाई दलात मी एअरफ्रेम फिटर होतो. इंजिन, वायरिंग आणि शस्त्रं सोडली तर विमानाचं उरलेलं सगळं अंग आमच्या ताब्यात. उमेदीची बरीच वर्षं आग्र्याला कॅनबेरा विमानांवर गेली, आता साताऱ्यात करंजे पेठेत असतो. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देतो आहे.

काका, दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला मामांकडे जाणार आहे. पालमच्या संग्रहालयासाठी जेमतेम तासभर मिळेल. काय चुकवू नये?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, मिरज

तासाभरात सगळं बघायला गेलास तर हाती फक्त मोबाइलमधले फोटो राहतील. बाहेर मैदानात उभी असलेली मोठी विमानं लक्ष वेधून घेतात, पण त्यांच्यासाठी आत्ता थांबू नकोस. सरळ हँगरमध्ये शिर आणि वेस्टलँड वापिती शोध. एकावर एक दोन पंख, मध्ये दांडे आणि तारा, वैमानिक आणि त्याच्या मागच्या माणसासाठी दोन उघड्या बैठका, नाकावर गोल इंजिन. दिसायला काही खास नाही. पण ही विमानं पाचशेहून जास्त बनली आणि त्यांतलं जगात आज एकच शिल्लक आहे, ते हे. ज्यांनी बनवलं त्या ब्रिटनकडेही नाही.

आपलं हवाई दल कागदोपत्री ८ ऑक्टोबर १९३२ ला जन्मलं. प्रत्यक्षात पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली ती १ एप्रिल १९३३ ला, कराचीच्या ड्रिग रोडवर. तिची सगळी दौलत म्हणजे चार वापिती, ब्रिटनमध्ये शिकून आलेले सहा अधिकारी आणि एकोणीस हवाई सिपाही. अधिकाऱ्यांची नावं पुस्तकांत सापडतात. त्या एकोणीस जणांना मात्र कुणी विचारत नाही. पंखाच्या तारा सारख्या ताणात ठेवणारे, फाटलेलं कापड शिवणारे, सरहद्दीच्या धुळीत इंजिन चालू ठेवणारे तेच. वापितीसमोर उभा राहशील तेव्हा बैठकीकडे बघून झालं की तारांच्या टोकाच्या आट्यांकडेही बघ.

आणखी एक गंमत. त्याच संग्रहालयात लायसँडर, कॅनबेरा आणि नॅट अशी तीन विमानं आहेत. लायसँडर हे वरच्या बाजूला लांब पंख असलेलं, छोट्याशा शेतात उतरू शकणारं संथ विमान. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात आपल्या हवाई दलाचे वैमानिक मजुमदार यांच्या स्क्वाड्रननं ह्याच विमानांवर बाँब लटकवून जपान्यांच्या तळांवर हल्ले केले. कॅनबेरा हे दोन इंजिनांचं जेट बाँबर. नॅट हे एवढंसं लढाऊ विमान, १९६५ च्या युद्धात नाव काढलेलं. तिघांचं एकमेकांशी काही नातं आहे असं बघून वाटणार नाही. पण तिन्हींचे आराखडे टेडी पेटर या एकाच माणसाचे, तीन वेगवेगळ्या कंपन्यांत बसून केलेले. पुढे त्यानं हे सगळं सोडलं आणि स्वित्झर्लंडला एका धार्मिक समूहात जाऊन राहिला. तिघांत सरस कोणतं हे मला विचारू नकोस. कॅनबेराच्या पोटाखाली मी इतका वेळ उताणा काढलाय की माझं मत धरता येणार नाही.

वेळ उरलाच तर जपानी ओहका बघ. परत यायचंच नाही या हिशोबानं बनवलेलं विमान आहे ते. त्याला चाकं का नाहीत, हे त्यातच आलं.

आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा. वडिलांनी कानपूरला दुकान टाकलं. तिथले जुने भंगारवाले सांगायचे की लढाई संपल्यावर चकेरीला इंग्रजांनी विमानं मोडून टाकली आणि आपल्या लोकांनी ती पुन्हा उडवली. यात तथ्य किती?
— गलाई व्यावसायिक, विटा

सगळंच्या सगळं तथ्य आहे, आणि हा किस्सा विट्याच्या माणसाला सांगायला मला विशेष आवडेल. भंगारातून माल काढण्याची विद्या तुमच्याकडे पिढीजात आहे.

विमानाचं नाव कन्सॉलिडेटेड बी-२४ लिबरेटर. चार इंजिनांचं अमेरिकन बाँबर. दुसऱ्या महायुद्धात ही अठरा हजारांहून जास्त बनली, इतकी की अमेरिकेतल्या फोर्डच्या एका कारखान्यातून ऐन भरात तासाला एक विमान बाहेर पडायचं. ब्रिटिशांना ती उधारीच्या करारावर मिळाली होती. युद्ध संपल्यावर अट अशी की विमानं परत करा, नाहीतर निकामी करा. समुद्रापार परत न्यायला खर्च कोण करणार? चकेरीच्या तळावर ती ओळीनं उभी केली आणि मोडली. इंजिनांत वाळू घातली, उपकरणं फोडली, अंगावर यंत्रं घातली. कुणाला ती पुन्हा वापरता येऊ नयेत हाच हेतू होता.

स्वातंत्र्यानंतर काश्मीरचा प्रश्न पेटला, हवाई दलाला लांब पल्ल्याचं बाँबर हवं होतं आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी चकेरीला मुक्काम ठोकला. एकाचा पंख, दुसऱ्याचं शेपूट, तिसऱ्याची चाकं असं करत जी जुळतील ती जुळवली. बंगळूरला पक्कं काम व्हायचं, पण तिथपर्यंत ती न्यायची कशी? उडवतच. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ही तात्पुरती जोडलेली विमानं एकेक करून कानपूरहून बंगळूरला घेऊन गेले. माझ्यासारख्या फिटरच्या अंगावर काटा येतो तो इथं. ज्याची पूर्ण तपासणी झालेली नाही, ज्याच्या रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) कुणी, कधी आणि कशासाठी ठोकल्या ते माहीत नाही, असं चार इंजिनांचं धूड निम्मा देश ओलांडून न्यायचं! अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. पहिली सहा नोव्हेंबर १९४८ मध्ये पाच नंबरच्या स्क्वाड्रनला मिळाली.

यांतली काही पुढे सहा नंबरच्या स्क्वाड्रनकडे पुण्याला लोहगावला होती, समुद्रावर टेहळणीसाठी. आपल्या भागातल्या साठी-सत्तरीपुढच्या लोकांनी लहानपणी मान वर करून चार इंजिनांचा घरघराट ऐकला असेल, तर तो बहुधा हाच. डिसेंबर १९६८ मध्ये लिबरेटर सेवेतून गेलं. तोवर जगातल्या बाकीच्या देशांनी आपापली लिबरेटर वितळवून भांडी-पत्रे करून टाकली होती. मग संग्रहालयांना जाग आली. कॅनडातलं ओटावा, अमेरिकेतलं ॲरिझोनाचं पिमा, इंग्लंडचं रॉयल एअर फोर्स म्युझियम, या तिन्ही ठिकाणी आज जी लिबरेटर आहेत ती भारतीय हवाई दलातून गेलेली. इंग्लंडला गेलेलं विमान १९७४ मध्ये इथून उडतच गेलं. आपण टाकून दिलेल्या विमानांपैकी आणखी एक अमेरिकेत नेऊन दुरुस्त केलं आणि १९८९ पासून ते तिथं हवाई मेळाव्यांत उडू लागलं. एक आपल्याकडे पालमला आहे. हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी लिबरेटर जगात उरली आणि त्यांत चकेरीच्या उकिरड्यातून उठवलेली एवढी.

माझी तक्रार एकच. परदेशातल्या बहुतेक लिबरेटरना पुन्हा अमेरिकन किंवा ब्रिटिश रंग दिले आहेत, युद्धातल्या कुठल्या तरी नामांकित विमानाचे. वीस वर्षं आपल्याकडे राबल्याची खूण अंगावर कुठंच नाही, पाटीवर ओळ असली तर नशीब.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं. मग राईट बंधूंचं विमान संग्रहालयात आणि तळपद्यांचं का नाही? आपणच आपल्या माणसाला विसरलो का?
— निवृत्त शिक्षक, वाई

गुरुजी, हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतो आणि तुमचा आदर ठेवून जे आहे ते सांगतो. तळपदे हे खरे गृहस्थ, कलाशिक्षक, संस्कृत ग्रंथांचा नाद असलेले. त्यांनी विमानाचे प्रयोग केले असतील. पण त्या विमानाचा एक दांडा, एक खिळा, एक छायाचित्र, त्याच वेळी लिहून ठेवलेला साक्षीदाराचा भक्कम वृत्तान्त, यांतलं काही संग्रहालयात ठेवण्याजोगं समोर आलेलं नाही. संग्रहालय वस्तू ठेवतं. वस्तूच नसेल तर काय ठेवणार?

ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या संस्कृत ग्रंथाचा हवाला दिला जातो त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये केला. ते सगळे विमान आणि यंत्र अभियांत्रिकीतले. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असणं शक्य नाही आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. १८९५ च्या विमानाला १९०४ नंतरच्या ग्रंथाचा आधार देता येत नाही, एवढं गणित तुम्ही सातवीच्या मुलांकडूनही करून घ्याल.

आता दुसरी बाजू बघा. त्याच काळात फ्रान्समध्ये क्लेमाँ अदेर नावाच्या माणसानं वटवाघळाच्या पंखांचं, वाफेच्या इंजिनांचं विमान केलं. १८९७ च्या चाचणीत ते धड उडालं नाही. तरीही ते मूळ यंत्र आज पॅरिसच्या तंत्रसंग्रहालयात जिन्यावर टांगलेलं आहे आणि फ्रेंच लोक त्याच्याकडे मानानं बघतात. जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल १८९६ मध्ये स्वतःच्या ग्लायडरवरून पडून गेला. त्याचे मूळ ग्लायडर लंडन, म्युनिक, वॉशिंग्टनला आहेत. न उडालेलं किंवा पडलेलं विमानही जपता येतं. तळपद्यांच्या बाबतीत आपण कमी पडलो असलो तर ते जपण्यात. त्याची भरपाई न उडालेलं उडालं म्हणून होणार नाही.

बातमीत वाचलं की बिकानेरला हत्तीच्या पागेत सापडलेलं विमान इंग्लंडमध्ये पुन्हा उडवलं. लाकूड वाळवीनं खाल्लेलं, कापड गेलेलं. सगळं नवं घातलं तर ते जुनं विमान कसं? द्राक्षबागेत आम्ही जुन्या खुंटावर नवी डोळी भरतो, पण तिथं मुळं तरी जुनी असतात.
— द्राक्ष बागायतदार, तासगाव

तुम्ही प्रश्नातच उत्तर दिलंय.

गोष्ट अशी. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांकडे विमानांचा ढीग उरला होता. त्यांतली काही त्यांनी साम्राज्यातल्या देशांना भेट म्हणून वाटली. बिकानेरचे महाराज गंगासिंग स्वतः व्हर्सायच्या तहावर सही करणारे, त्यांच्याकडे डीएच-९ जातीची विमानं आली. एक आजही जुनागढ किल्ल्यात पर्यटकांना दिसतं. बाकीची हत्तीच्या पागेत पडून राहिली, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस एका ब्रिटिश संग्राहकाच्या कानावर ते गेलं. तो आला तेव्हा लाकडाचा मोठा भाग वाळवीनं फस्त केलेला होता, पण लोखंड, पितळ, बिजागऱ्या, जोडपट्ट्या शाबूत होत्या. दोन विमानं इंग्लंडला नेली. एक डक्सफर्डच्या संग्रहालयात २००७ मध्ये मांडलं. दुसऱ्याला नवं लाकूड, नवं कापड घालून उडण्याजोगं केलं आणि २०१९ मध्ये ते उडालं.

उडालेलं जुनं म्हणायचं का? माझं मत विचाराल तर धातूचे भाग जुने, बाकी नवं, आणि पाटीवर हेच लिहावं. एवढं लिहिलं की माझा आक्षेप संपला. कारण लाकूड आणि कापड ही विमानाची मुळात बदलायचीच गोष्ट होती. त्या काळी पंखावर आयर्लंडच्या जवसाच्या धाग्याचं कापड चढवायचे, सांगाड्याच्या प्रत्येक फासळीला सुईदोऱ्यानं टाचायचे आणि वरून ब्रशनं डोपचे हात मारायचे. डोप म्हणजे सेल्युलोजचं लुकण. वाळताना ते कापडाला आवळतं आणि पंख हलगीसारखा ताणला जातो. बोटानं टिचकी मारली की आवाजावरून जुन्या माणसाला कळायचं, हात अजून एक हवा की बस. उन्हापावसात काही वर्षांत ते कापड कुजायचंच, मग उसवून पुन्हा चढवायचं. राईट बंधूंच्या १९०३ च्या मूळ विमानाचंच बघा. १७ डिसेंबरला अमेरिकेतल्या किटी हॉकजवळ चार उड्डाणं झाली, सगळ्यांत लांबचं ५९ सेकंदांचं, आणि त्यानंतर वाऱ्याच्या झोताने ते उलटून मोडलं. पुढे खोक्यात पडून राहिलं, १९१३ मध्ये त्यांच्या डेटन गावच्या पुरात चिखलात बुडालं. १९२७ मध्ये कापड बदललं, १९८५ मध्ये पुन्हा बदललं. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आज बघता ते कापड किटी हॉकचा वारा खाल्लेलं नाही. तरी विमान तेच, कारण सांगाडा तोच आहे आणि काय कधी बदललं याची नोंद आहे.

याच्या अगदी उलटं टोक हवं तर जर्मन डॉर्निअर १७ बघा. २६ ऑगस्ट १९४० ला पाडलेलं, इंग्लंडजवळच्या गुडविन सँड्सच्या वाळूत पडलेलं, २०१३ च्या जूनमध्ये क्रेननं वर काढलं. या जातीचं जगातलं एवढंच उरलंय. खाऱ्या पाण्यानं ॲल्युमिनियमची चाळण केलेली. तिथल्या लोकांनी ते ‘नवं’ करायचा विचारच केला नाही. प्लास्टिकच्या बोगद्यात ठेवून दीर्घ काळ सौम्य सायट्रिक आम्लाचा फवारा दिला, क्षार धुऊन काढले, आणि मोडलेलं तसंच ठेवलं. मला विचाराल तर झुळझुळीत रंगवलेल्या दहा विमानांपेक्षा तो सांगाडा जास्त सांगतो. गोळ्या कुठून घुसल्या, पत्रा कुठं वळला, हे त्यावर वाचता येतं.

काका, माझ्या आजोबांनी सांगितलं की डाकोटा विमान अजून उडतं. एवढं म्हातारं विमान पडत नाही का?
— इयत्ता सहावी, फलटण

आजोबा बरोबर सांगतात. आपल्या हवाई दलाकडे जुन्या विमानांची वेगळी तुकडी आहे. तिच्यात टायगर मॉथ नावाचं पिवळं, दोन पंखांचं शिकाऊ विमान आहे आणि हार्वर्डसुद्धा. २०१८ मध्ये एक डाकोटा, म्हणजे माणसं आणि सामान नेणारं दोन इंजिनांचं जुनं विमान, इंग्लंडमधून दुरुस्त करून आणलं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला भेट दिलं, त्यांचे वडील डाकोटाचे वैमानिक होते. त्याचं नाव परशुराम, आणि अंगावर व्हीपी ९०५ असा नंबर आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो नंबर. लक्षात ठेव, आताचं विमान ते नव्हे, त्याच्या आठवणीसाठी तोच नंबर दिलाय. कुणी ‘हेच ते’ म्हणालं तर तू नीट सांग.

पडत का नाही? कारण विमानाचं वय वर्षांत कमी आणि उड्डाणाच्या तासांत जास्त मोजतात. प्रत्येक भागाला ठरावीक तास झाले की तो उघडून बघायचा, तडा असेल तर बदलायचा. नीट सांभाळलेलं म्हातारं विमान बेफिकीर तरुणापेक्षा बरं. हे आजोबांनाही वाचून दाखव, खूश होतील.

आमच्या माजी सैनिक संघटनेचा विचार आहे की हवाई दलाकडून सेवेतून गेलेलं एखादं लढाऊ विमान मागून घ्यावं आणि गावाच्या वेशीवर बसवावं. काय काळजी घ्यावी? रंग कोणता द्यावा?
— संघटनेचे पदाधिकारी, कोरेगाव तालुका

रंगाचा प्रश्न शेवटी. विमान मिळणं सोपं, जपणं अवघड. एका तालुक्याच्या गावात (नाव घेत नाही) चौकातल्या विमानाला दर स्वातंत्र्यदिनाला ऑइलपेंटचा नवा हात मारतात. थरावर थर चढून रिव्हेटची डोकी बुजली, अंगावरच्या सूचना, नंबर, ‘इथं पाय देऊ नका’ची अक्षरं सगळी गाडली गेली. आता ते विमान आहे की सिमेंटचा पुतळा, हे बोट लावल्याशिवाय कळत नाही.

पहिली गोष्ट, जीव धोक्यात घालू नका. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीखाली स्फोटक काडतुसं असतात, काही विमानांत छत उडवणारीही असतात. ती काढली आहेत असा लेखी दाखला हवाई दलाकडून घेतल्याशिवाय पोरांना कॉकपिटमध्ये बसवू नका. हायड्रॉलिकच्या टाक्यांत दाबलेला वायू असतो, तोही सोडलेला असावा. विमान फार जुनं असेल तर घड्याळ्यांसारख्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रंग असतो, त्यात रेडियम असू शकतं. काचा फोडून आकडे खरवडण्याचा उद्योग कुणी करू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. विमानाच्या पोटाला, पंखांच्या खालच्या बाजूला बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी निथळून जायला. रंगारी हमखास ती लांबी (पुट्टी) भरून बुजवतो, ‘साहेब, भोक पडलं होतं’ म्हणून. मग पावसाळाभर आत डबकं. पावसाच्या आधी पातळ तार घालून प्रत्येक भोक मोकळं आहे ना ते बघायचं. विमान किंचित नाक वर करून बसवलं की पाणी शेपटीकडे उतरतं.

तिसरी, पाखरांची. हवा घेण्याच्या तोंडात आणि मागच्या नळकांड्यात साळुंक्या आणि पारवे वर्षभरात संसार थाटतात. त्यांच्या विष्ठेनं ॲल्युमिनियम सडतं. तोंडं पत्र्यानं बंद करू नका, आत दमट होतं. बारीक जाळी लावा.

चौथी, चाकांची. टायरवर वर्षानुवर्षं भार ठेवला की तो फाटतो आणि विमान एका अंगावर कलतं. सुरुवातीपासूनच जॅक लावायच्या ठिकाणी लोखंडी आधार द्या, पण लोखंड आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना लावू नका, मध्ये रबराचा जाड तुकडा घाला. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की हलका धातू झिजतो. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसू लागली की समजायचं, रोग आत शिरला. तेवढ्या जागेवरचा रंग काढून, घासून, ॲल्युमिनियमसाठीचं प्रायमर लावायचं. सगळं विमान खरवडायची गरज नसते.

धुवायचं साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्यानं सांध्यांत पाणी घुसतं. कॉकपिटच्या छताला पांढऱ्या कापडाचं आवरण करा, नाहीतर आपल्याकडच्या उन्हानं पर्स्पेक्स, म्हणजे छताचं काचेसारखं प्लास्टिक, दुधी होतं आणि जाळीसारखे तडे जातात.

आता रंग. रंगवायच्या आधी प्रत्येक अक्षराचा, नंबराचा, प्रत्येक ठिगळाचा फोटो काढा आणि ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. विमान ज्या स्क्वाड्रनमधून आलं तिचेच रंग द्या, सिनेमातले नकोत. गावातल्या शहीद जवानाचं नाव लिहायचं असेल तर ते विमानाच्या अंगावर नको, बाजूच्या शिलेवर लिहा. आणि पाटीवर विमानाचं नाव, नंबर, कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होतं, कधी निवृत्त झालं आणि इथं आल्यावर काय काय बदललं, एवढं असू द्या. अपशिंग्यासारखं सैनिकांचं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथं सैन्याची कदर कुणी शिकवायला नको, पण वस्तूची नोंद ठेवायला आपण कंटाळतो.

सांगलीकडच्या दोन पत्रांतही हाच प्रश्न होता. त्यांना जादाची सूचना एकच. जागा ठरवण्याआधी २०१९ च्या पुराची पाण्याची खूण बघा आणि चबुतरा तिच्या वर घ्या.

दिल्ली-लंडनची विमानं कळली. आम्हाला सांगलीहून शनिवार-रविवारात मुलांना नेता येईल असं काही सांगा.
— गृहिणी, सांगली

ताई, गोव्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावर. १९९८ मध्ये सुरू झालं. निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्स्प्रेस सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज करत जाते, त्यामुळे प्रवास सोपा. सुटीचा वार निघण्याआधी विचारून घ्या.

तिथं गेल्यावर मुलं सी हॅरिअरकडे धावतील, धावू द्या. तुम्ही शॉर्ट सीलँड शोधा. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं, खाली होडीसारखं पोट असलेलं छोटं विमान. आपल्या नौदलाचं हवाई काम १९५३ मध्ये कोचीनला याच विमानांनी सुरू झालं. ही एकूण पंचवीसच बनली. आज जगात तीन आहेत, एक उत्तर आयर्लंडला, एक बेलग्रेडला आणि एक इथं. पाण्यातून वर येताना चाकं कुठून बाहेर पडतात ते मुलांना शोधायला सांगा, अर्धा तास शांतता मिळेल.

मैदानातलं मोठं विमान म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. चार पंख्यांचं, माशासारखं वळलेलं अंग, आणि शेपटीला तीन उभी पाती. एकच उंच पातं लावलं असतं तर त्या काळच्या हँगरच्या दारातून ते आत गेलं नसतं, म्हणून तीन बुटकी. एअर इंडियानं ८ जून १९४८ ला मुंबई-लंडन सेवा सुरू केली ती याच घराण्यातल्या आधीच्या कॉन्स्टेलेशनवर. हे नंतरचं, लांब केलेलं. आधी एअर इंडियात प्रवासी नेले, मग हवाई दलात गेलं, तिथून नौदलात समुद्रावर पहारा दिला. एवढ्या नोकऱ्या करून पेन्शनीत निघालेलं दुसरं विमान आपल्याकडे मला माहीत नाही. बाहेर समुद्राच्या खाऱ्या हवेत उभं आहे, म्हणून त्याची मला काळजी वाटते. जाल तेव्हा पंखाच्या मुळाशी, रिव्हेटच्या ओळीवर पांढरी भुकटी दिसते का बघा आणि मला कळवा.

गोवा जमत नसेल आणि मुंबईला जाणं होत असेल तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-२४ मारुत आहे. १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं, आपल्या देशात आखून बनवलेलं पहिलं लढाऊ जेट, जर्मनीच्या कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली बंगळूरला तयार झालेलं. मुलं बाकीच्या खेळांत रमतील. तेवढ्या वेळात तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारा आणि पाटी नीट वाचा.